लिंबाजी शिपायाचं ताट

हिवरधऱ्यात शाळेपुढे हुतात्म्यांच्या नावांचा दगड उभा राहणार, ही बातमी पोळ्याच्या दिवशी गावभर झाली आणि त्या दिवसापासून आशाबाईच्या पोटात जो गोळा आला तो काही केल्या उतरेना. सून सुनयना ओवा देऊन थकली, नात तेजस्विनीने आदिलाबादहून गोळ्या आणल्या. गोळ्यांनी गोळा जात असता तर काय हवं होतं!

दगड ही उत्तमरावांची कल्पना. उत्तमराव गावचे माजी सरपंच. पद जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण सवय गेली नव्हती. कुणाची नाली तुंबली तरी लोक त्यांच्याच ओट्यावर येऊन बसत आणि त्यांनाही ते मनापासून आवडे. सतरा सप्टेंबरला शाळेत झेंडा चढतो, त्याच्याशेजारी गावच्या हुतात्म्यांची नावं असावीत असं त्यांनी ठरवलं. आणि उत्तमरावांनी ठरवलं की गावाने ठरवलं असं धरून चालायची इथली रीत आहे. पितरांच्या पंधरवड्यात नवं काही उभं करू नये, असं एकदोघांनी म्हणून पाहिलं. त्यावर उत्तमराव म्हणाले, “मेलेल्याचाच दगड हाय, मेलेल्याच्याच पंधरवड्यात बसू द्या की.”

आता ही सतरा तारीख म्हणजे काय, तर अठ्ठेचाळीस साली याच दिवशी निजामाचं राज्य संपलं आणि हा मुलूख हिंदुस्थानात आला. सरकार बदललं की या दिवसाचं नाव बदलतं. कुणी मुक्ती म्हणतं, कुणी विलीनीकरण, कुणी आणखी काही. गावातल्या बायका सरळ ‘सतरा तारीख’ म्हणतात, म्हणजे कुणाशी वाकडं यायला नको. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात पहिल्या रांगेत दोन खुर्च्या मांडतात. एक जयवंताबाईची, एक आशाबाईची. दोघींना शाल, नारळ आणि पोरांच्या टाळ्या.

जयवंताबाई ही उत्तमरावांची आई, एक्क्याऐंशी वर्षांची, जिभेने तिखट. तिच्या बापाचं नाव सोनबा. निजामाच्या राज्यात तिरंग्याला बंदी असताना त्याने गावच्या चावडीवर तिरंगा बांधला, आणि तिसऱ्या दिवशी आलेल्या पलटणीने त्याला चावडीसमोरच गोळी घातली. जयवंताबाई तेव्हा चार वर्षांची होती. बापाचा चेहरा तिला आठवत नाही. आठवतात ते मारणाऱ्यांचे पाय, गुडघ्यापर्यंत खाकी पट्ट्या गुंडाळलेले. तिला दिली ती गावातच, त्यामुळे त्या चावडीसमोरूनच तिने जन्मभर पाणी वाहिलं.

आणि आशाबाईचा बाप लिंबाजी. तो अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात पैनगंगेकाठच्या एका चौकीवर गोळी लागून मेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि ते खरंही होतं. गावाला माहीत नव्हतं ते एवढंच, की लिंबाजी चौकीच्या आतल्या बाजूला होता. त्याच्या अंगावर निजामाची वर्दी होती आणि त्याला लागलेली गोळी हिंदुस्थानच्या फौजेची होती.

ही गोष्ट लपली कशी? कुणी लपवली म्हणावं तर तसंही नाही. लिंबाजीची बायको रेणुकाबाई दीड महिन्याच्या आशाला पदराखाली घेऊन माहेरी हिवरधऱ्याला आली, तेव्हा बायकांनी विचारलं, “काय झालं वं?” ती म्हणाली, “गोळी लागली.” त्या महिन्यात या गावाला एकाच जातीची गोळी ठाऊक होती. लोकांनी उरलेलं आपल्या मनानेच भरून घेतलं आणि रेणुकाबाईच्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. निघालं असतं तर सोनबाच्या गावात तिला कोणी थारा दिला असता? पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचे कागद घेऊन माणसं आली, तर तिने दार लावून घेतलं. “अशी स्वाभिमानाची बाई पाहिली नाई,” गाव म्हणालं. बिचारी भीत होती हो! पण गावाने एकदा थोर ठरवलं की सुटका नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ही मूठ तर वर्षागणिक महाग होत गेली.

आशाबाईला खरं कळलं ते लग्नाच्या हळदीच्या दिवशी. लग्न करून ती कुठे जाणार नव्हती. नवराच घरजावई येणार होता. आईने तिला गोठ्यात नेलं आणि सांगितलं, “तुहा बाप तिकडचा होता. पोटासाठी गेला होता, पन गेला होता.”

“मंग सोनबाकाकाले मारलं तवा...”

“होता का नव्हता, मी इचारलं नाई,” आई म्हणाली. “इचारलं असतं आन् हो म्हनला असता, तं मी त्याले पानी देऊ शकली नसती.”

तेव्हापासून साठ वर्षं हे ओझं आशाबाईने एकटीने वाहिलं. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलगा गोपाल झाला त्याला सांगितलं नाही. आई गेल्यावर ती खुर्ची हिच्या वाट्याला आली. दर सतरा तारखेला जयवंताबाईच्या मांडीला मांडी लावून बसायचं, शाल घ्यायची आणि घरी येऊन ती पेटीत तळाशी घालायची. एकही शाल तिने कधी अंगावर घेतली नाही. थंडी वाजली तरी घोंगडीच घ्यायची. घरच्यांना वाटे, म्हातारी जपून ठेवते.

चौदा तारखेला सकाळी उत्तमरावांचं बोलावणं आलं. दगड आला होता. तेजस्विनी बासरच्या विद्यापीठातून चार दिवस घरी आली होती, ती आजीचा हात धरून शाळेत घेऊन गेली. लिंबाच्या झाडाखाली दोन जुन्या टायरांवर काळा दगड आडवा ठेवलेला होता. पाथरवटाने वरची ‘हिवरधऱ्याचे हुतात्मे’ ही ओळ कोरून काढली होती. खालची नावं अजून खडूने नुसती लिहिलेली होती.

“मावशी, पाहून घ्या एकडाव,” उत्तमराव म्हणाले. “छिन्नी लागली की मंग काई बदलत नाई.”

आशाबाईला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकलेली. वर लिंबाजी आणि खाली सोनबा अशी नावं होती.

“हे वर काऊन?” तिने लिंबाजीच्या नावावर बोट ठेवलं.

“मुद्दाम घेतलं,” उत्तमराव खुशीत म्हणाले. “माह्या आज्याचं नाव वर घेतलं तं लोक म्हनतीन, सरपंचानं आपलंच घोडं पुढं दामटलं. आन् तुमच्या बाबानं तं हातात बंदूक घेऊन जीव देल्ला. त्याइचा मान पयला.”

माणसाने चांगुलपणाने केलेली गोष्ट कधीकधी थोबाडीत बसते. उत्तमरावांनी नाव खाली ठेवलं असतं तर आशाबाई कदाचित आणखी एक वर्ष, आणखी एक शाल गप्प राहिली असती. पण आपला बाप त्या माणसाच्या डोक्यावर बसलेला तिला पाहवेना. तिने पदराचं टोक तोंडात घालून ओलं केलं, वाकली आणि लिंबाजीचं नाव पुसून टाकलं. एका हाताने दगड धरून, भांडं घासावं तसं खसाखसा पुसलं.

“अवं मावशी, काय करून राह्यल्या?”

“हे इथं नको,” आशाबाई म्हणाली. “माहा बाप निजामाचा शिपाई होता, उत्तमा. चौकी त्याचीच होती. त्याले आपल्या फौजेनं मारलं. माह्या मायनं सांगतलं नाई, मीबी सांगतलं नाई. साठ साल झाले, मले ठाऊक हाय.”

उत्तमरावांनी आधी तेजस्विनीकडे पाहिलं, म्हातारीचं डोकं फिरलं की काय या नजरेने. पण तेजस्विनीचं तोंडच सांगत होतं, की हे तिलाही आत्ताच कळलं आहे आणि तिला ते खरं वाटलं आहे. मग उत्तमरावांची कानशिलं तापली.

“म्हंजे तुमी इतके साल माह्या मायच्या बाजूनं खुर्ची टाकून बसल्या?”

“बसली.”

“शाल घेतली?”

“घेतली.”

“काका,” तेजस्विनी मध्ये पडली, “पणजोबा काही राजा नव्हते. पोटासाठी भरती झाले असतील. इंग्रजांसाठी लढून मेलेल्या आपल्या शिपायांची नावं दिल्लीत त्या मोठ्या कमानीवर कोरलेली आहेतच ना? ती लढाई तरी कुठे आपली होती?”

“दिल्लीवाल्याच्या आज्याले त्या शिपायाइनं चावडीसमोर मारलं नसन, पोरी!” उत्तमराव कडाडले. “पोटासाठी गेला म्हनते. ज्याले मारलं त्यालेबी पोट होतं. चार वर्साची लेक होती.”

“मी नावासाठी भांडत नाही, काका. मी फक्त...”

“तू गप,” आशाबाई नातीला म्हणाली. “तो बरोबर बोलून राह्यला. नाव नको. नाव पुसाले तं मीच आली ना?”

उत्तमराव दगडाकडे पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले, “माह्या मायले मी सांगनार नाई. तुमीच सांगा.”

आशाबाई तिथूनच निघाली. घरी जाऊन पाणी पिऊन जावं, असं मनात आलं, पण घरी गेलो तर परत पाय निघणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. जयवंताबाई ओसरीवर सुपात अंबाडीची भाजी निवडत बसली होती. आशाबाई पायरीवरच बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जयवंताबाईचे हात देठांवर थांबले. मग तिने एकच विचारलं.

“त्या दिवशी चावडीसमोर होता का तो?”

“माहीत नाई, अक्का. मायनंबी त्याले इचारलं नाई.”

जयवंताबाईने सूप उचललं आणि ती आत निघून गेली. दार मात्र तिने लावलं नाही. आशाबाई थोडा वेळ त्या उघड्या दारासमोर बसली आणि उठून घरी आली.

वाटेत तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पण घराच्या फाटकाशी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की पोटातला गोळा नाही! अपमानाने माणसाची भूक मरते म्हणतात. आशाबाईला कडकडून लागली होती. तिने दोन भाकरी आणि वाटीभर वरण खाल्लं, वर मिरचीचा ठेचा मागून घेतला आणि भरदुपारी जमिनीवर पडून अशी घोरली, की सुनयना दोनदा नाकाशी हात धरून पाहून गेली.

घरात गोपालला सांगितलं ते सुनयनाने. गोपाल तसा अबोल. कापसाशी आणि बैलांशी बोलून उरलं तर माणसांशी बोलणारा. त्याने ऐकून घेतलं आणि फवारणीचा पंप खांद्याला लावून शेतात गेला. संध्याकाळी आला तेव्हा आईजवळ बसून म्हणाला, “आधी सांगाचं होतं, माय. एकटीनं काऊन वाह्यलं?” गोपालच्या मानाने हे भाषणच झालं.

सतरा तारखेला दगड उभा राहिला. ‘हुतात्मे’ या ओळीखाली एकच नाव होतं, सोनबाचं. सवयीने पोरांनी खुर्च्या मात्र दोन मांडल्या होत्या. एकीवर जयवंताबाई बसली आणि दुसरी मोकळी राहिली. आशाबाई फाटकाशी बायकांत उभी होती. दोघीतिघी जणी तिच्यापासून हातभर सरकल्या, एकीने ‘एवढे साल गावाला फसवलं’ असं ऐकू जाईल इतकं हळू म्हटलं. झेंडा वर गेला तेव्हा आशाबाईने हात जोडले. आजवर दर वर्षी झेंड्याकडे पाहताना तिची मान खाली जायची. या वर्षी ती वर राहिली. जयवंताबाईने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

इथपर्यंत आशाबाईने सगळं सोसलं. नाव नको होतं, ते गेलं. मान आपला नव्हताच, तोही गेला. चोरीचा माल परत केल्यावर माणसाला जसं हलकं वाटतं तसं तिला वाटत होतं. पण वीस तारखेला चौदस होती, आणि चौदस आठवली तेव्हा मात्र ते हलकेपण सरलं.

पितरांच्या पंधरवड्यात ज्याची त्याची तिथी ठरलेली असते. शस्त्राने मेलेल्यांची तिथी चौदस. आणि या भागात पितर नुसते कावळ्याच्या पानावर जेवत नाहीत. घराण्याबाहेरचा एक जिताजागता माणूस बोलावतात, त्याचे पाय धुतात, पाटावर बसवतात, आणि तो उठेपर्यंत तोच गेलेला माणूस. बाप म्हणून बसला तर त्याला बाबा म्हणायचं. पितराने जेवताना बोलायचं नाही. शेवटी घरच्या बाईने विचारायचं, “धाले का?” आणि त्याने म्हणायचं, “धालो.” म्हणजे पोट भरलं, जीव भरला. मग वर्षभराची काळजी मिटली.

सोनबा आणि लिंबाजी दोघेही चौदसचे. त्यामुळे दोन घरांत पन्नास वर्षांपासून अदलाबदल ठरलेली होती. आशाबाईच्या घरचा माणूस जयवंताबाईकडे सोनबा म्हणून बसायचा, आधी तिचा नवरा, आता गोपाल. आणि जयवंताबाईच्या घरचा माणूस इकडे लिंबाजी म्हणून. गेली वीस वर्षं उत्तमराव.

या वर्षी कोण बसणार? निजामाच्या शिपायाच्या पाटावर सोनबाचा नातू कशाला येईल? आणि तो आला नाही तर गावातला दुसरा कोण पुढे होईल? आशाबाईला दगडावर बाप नको होता. पण तो उपाशी राहावा असंही तिला वाटत नव्हतं. चुकलेला असो, पापी असो, बाप होता. त्याचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं, आणि वर्षातून एकदा त्याला वाढायचं, एवढंच नातं या दोघांत उरलेलं होतं.

चौदसच्या दिवशी सुनयनाने आणि तिने पहाटेपासून राबून स्वयंपाक केला. उडदाचे वडे, कढी, तांदळाची खीर, भोपळा, गवार, कारलं. गोपाल अंघोळ करून ओसरीवर बसला होता. दर वर्षी नऊपर्यंत जयवंताबाईकडून त्याला बोलावणं येई. नऊ वाजले, दहा वाजले, कोणी आलं नाही. तेजस्विनी या दिवसासाठी बासरला परत जायची थांबली होती. ती म्हणाली, “आजी, मी बसू का?”

“लेकीबाळी पितर नाई बसत, बाई. आन् घरचं मानूस चालत नाई.”

“मग कावळ्याला ठेवू.”

“ठेवू,” आशाबाई म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. तेजस्विनी तिच्या गळ्यात पडली. गोपाल उठून अंगणात गेला, काही काम नसताना त्याने बैलांपुढचा चारा वरखाली केला.

बाराच्या सुमारास फाटक वाजलं. पुढे जयवंताबाई, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर झाकलेलं पातेलं, या वयात! मागे उत्तमराव, धुतलेलं धोतर नेसलेले आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. म्हणजे ते खुशीने आले नव्हते, त्यांना आणलं होतं.

“गोपाल कुठं हाय?” जयवंताबाईने पातेलं ओसरीवर टेकवलं. “त्याले पाय धुवाले सांग. माहा बाप जेवाले बसाचा हाय.”

आशाबाईने डोळे पुसले. “इथं, अक्का?”

“इथं. तीन रात्री डोळा नाई लागला मले. म्हनलं, यांचं आपन घरात बसून काय ठरवाचं? दोघाले एका पंगतीत बसवते. पाहू दे एकमेकाचं तोंड.”

सुनयना दारातून हळूच म्हणाली, “पन आत्याबाई, असं कुठं असते का? ज्याचं त्याच्या घरी...”

“शास्तर मले नको सांगू! पन्नास साल माह्या बापाच्या पाटावर कोन बसत होतं? लिंबाजीचाच जावई, लिंबाजीचाच नातू ना? तवा शास्तर कुठं गेलं होतं? मांड दुसरा पाट.”

दुसरा पाट मांडला. उत्तमराव मात्र अजून उभेच होते.

“मावशी, एक गोष्ट सांगून ठेवतो,” ते म्हणाले. “दगडावर नाव येनार नाई. आज नाई, कधीच नाई.”

“नको रे, बापा. मीच पुसलं.”

“त्याले सलाम करनार नाई मी.” त्यांनी धोतराचा सोगा सावरला. “पन उपाशी ठेवाले मी कोन?”

आणि ते लिंबाजीच्या पाटावर बसले. शेजारच्या पाटावर गोपाल, सोनबा म्हणून. आशाबाईने उत्तमरावांचे पाय धुतले, जयवंताबाईने गोपालचे. ताटं वाढली. दोन ताटांत वीतभर अंतर होतं. सोनबाच्या जागी शिपायाचा नातू आणि शिपायाच्या जागी सोनबाचा नातू, आणि दोघेही माना खाली घालून बसलेले. कोणीच घास उचलेना. आशाबाई कढीचं भांडं घेऊन उभी होती. आता नुसतं वाढायचं आणि ‘धाले का’ म्हणेपर्यंत गप्प राहायचं, हीच रीत. इतकी वर्षं तिने ती पाळली होती, कारण या माणसाला विचारायची तिची छाती नव्हती. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, की बाप समोर बसला आहे आणि आपण त्याची लेक आहोत, आपण त्याला बोलू शकतो.

“बाबा,” ती म्हणाली, “सोनबाकाका बाजूले बसले हायत. त्याइले काई बोलाचं नाई का तुमाले?”

सुनयनाने तोंडाला पदर लावला. पितराला जेवताना कोणी बोलायला लावत नाही. उत्तमरावांनी दचकून वर पाहिलं, आधी आशाबाईकडे, मग आपल्या आईकडे. जयवंताबाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे उत्तमरावांच्या पायांवर होते. ते पाय उघडे होते, वयाने सुजलेले, नुकतेच धुतलेले.

उत्तमरावांनी ताटातला हात मागे घेतला आणि ते गोपालकडे वळले. गावच्या सभेत तास तास बोलणारा माणूस, पण शब्द सापडेनात.

“त्या दिवशी मी तिथं होतो का नवतो,” ते थांबत थांबत म्हणाले, “मले आठोत नाई. पन तिकडचाच होतो मी. बंदूक माह्याबी हातात होती.” त्यांनी मान खाली घातली. “चुकलो, सोनबा.”

सगळ्यांच्या नजरा गोपालवर. त्याची मान लाल झाली, कपाळावर घाम आला. त्याने जयवंताबाईकडे पाहिलं, पण तिने काही खूण केली नाही. उत्तर सोनबाचं होतं, ते सोनबानेच द्यायचं होतं.

गोपालने घसा खाकरला.

“जेव,” तो म्हणाला. आणि थोडं थांबून, “कढी थंडी होऊन राह्यली.”

जयवंताबाईच्या तोंडून आधी हुंदका आला आणि त्याच्याच मागे हसू आलं. ती हसता हसता रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, “असाच असन माहा बाप. असाच असन वं!” मग पदराने नाक पुसून तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. आपल्या घरून आणलेले वडे होते. पहिला वडा तिने गोपालच्या ताटात घातला. दुसरा हातात घेऊन ती लिंबाजीच्या ताटाशी वाकली.

“घे,” ती म्हणाली, “पोटभर खा.”

उत्तमरावांनी वडा मोडला आणि जेवायला सुरुवात केली. आशाबाई कढीचं भांडं धरून तिथेच खाली बसली. तिला रडू येत होतं आणि त्याची लाज वाटत नव्हती. तिचा बाप जेवत होता.